मृतांच्या तोंडी शब्द घालावेत काय?

आमच्या मंडळाच्या मागील सभेत एक प्रश्न निघाला आणि तो आम्हांला स्वस्थ बसू देत नाही. कोकणातील आमच्या जुन्या कबरस्तानाची भिंत ढासळली आहे. दुरुस्तीसाठी पैसा हवा, आणि पैसा हवा तर आधी माणसे गोळा व्हावयास हवीत. पत्रके हल्ली कोणी वाचत नाही. तेव्हा तरुण मंडळींनी सुचविले की, तेथे पुरलेल्या, तेलाचा घाणा चालविणाऱ्या एका आजीबाईंच्या नावे इन्स्टाग्रामवर खाते उघडावे. त्यांनीच रोज ‘मी’ म्हणून बोलावे : आज शब्बाथ, आज बैल सोडला. फोटो आहेच, शब्द आपण लिहू. आम्ही प्रथम हसलो, मग विचारात पडलो. बाईंची नातवंडे हयात आहेत.

हाच प्रयोग जर्मनीत फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. नाझी राजवटीविरुद्ध पत्रके वाटणारी म्युनिकची विद्यार्थिनी सोफी शोल हिचा, तिचा भाऊ हान्स याच्यासह, २२ फेब्रुवारी १९४३ रोजी शिरच्छेद झाला. वय अवघे २१. तिच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने मे २०२१ मध्ये तेथील दोन सार्वजनिक नभोवाणी संस्थांनी ‘मी सोफी शोल’ अशा नावाचे खाते इन्स्टाग्रामवर उघडले. एका नटीने सोफीचे शेवटचे दहा महिने, जणू सोफीच आपल्या मोबाईलवर टिपते आहे अशा रीतीने, दाखविले. लक्षावधी लोक, त्यांत पुष्कळ तरुण, ते पाहू लागले. ज्यांनी आयुष्यभर इतिहासाच्या तासाला पोरांच्या जांभया मोजल्या, ते आम्ही शिक्षक या यशाला नाक मुरडणार नाही.

परंतु लोक सोफीला पत्रे लिहू लागले, आणि तिच्या नावाने उत्तरे येऊ लागली! खऱ्या सोफीचे शब्द कोठे संपतात आणि लेखकांचे कोठे सुरू होतात, हे वाचणाऱ्याला उमगेना. फेब्रुवारी २०२२ मध्ये हा उपक्रम संपला, तोवर जर्मनीतच त्यावर बरीच टीका झाली होती.

कोणी म्हणेल, मग सोंग घेणेच पाप काय? मुळीच नाही. १८८० च्या सुमारास मुंबईत आपल्याच वडीलधाऱ्यांनी हिंदू कीर्तनाची रीत उचलली आणि अब्राहामाची, योसेफाची कथा मराठीत गाऊन सांगितली. हिब्रू न समजणाऱ्या माणसांना शास्त्राकडे ओढण्याचा तो उपायच होता. कीर्तनकार योसेफाच्या तोंडचे बोलत असे, पण तो आपल्यासमोर उभा असे. हे अमुक गावचे अमुक, हे पोराटोरांनाही ठाऊक असे. कथा संपल्यावर ‘बुवा, हे शास्त्रात नाही’ असे त्याला विचारता येई. तेथे कोणी योसेफाशी पत्रव्यवहार करीत नव्हते. जे बोलले आणि जे बोलले नाही, एवढीच मृताची मिळकत उरते. तीत आपण एक वाक्य वाढविले तर नाकारावयास तो येणार नाही.

आणखी एक गोष्ट आम्हांला अधिक बोचते. ‘सोफी, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत’ असे आज लिहावयास काय पडते? १९४३ साली पाठीशी उभे राहणारे किती थोडे होते!

त्याच देशात बाड आरोल्सेन नावाचे लहानसे गाव आहे. तेथील दप्तरखान्यात नाझींनी छळलेल्या आणि मारलेल्या लोकांचे सुमारे ३ कोटी कागद जपले आहेत. २०२० पासून हा दप्तरखानाही समाजमाध्यमांतून लोकांना हाक मारतो, पण ‘या आणि काम करा’ अशी. छळछावणीच्या नोंदपत्राचे चित्र समोर येते. त्यावरील नाव, जन्मतारीख, कैदी क्रमांक वाचून टंकावयाचा. एकच कागद एकाहून अधिक माणसे वाचतात, म्हणजे चूक पकडता येते. कोणाच्या तोंडी शब्द नाहीत आणि रडावयासही कोणी सांगत नाही. तरी वीस पत्रे वाचून उठणाऱ्याला वीस माणसे होती हे कळलेले असते.

हे आम्ही सभेत सांगितले तेव्हा एका मुलाने बिनतोड प्रश्न केला : “सर, नावे टंकून भिंत उभी राहील का?” याचे उत्तर आमच्यापाशी नाही. आजीबाई ‘मी’ म्हणून बोलल्या असत्या तर पैसा लवकर जमला असता, हे आम्हांलाही दिसते, आणि पावसाळा कोणासाठी थांबत नाही. तरीही आम्ही हात वर केला नाही.

अखेर ठरले ते असे : खाते मंडळाच्याच नावाने राहील. कबरींवरील हिब्रू आणि मराठी लेखांचे फोटो एकेक करून टाकावयाचे आणि वाचकांनी ते वाचून पाठवावेत. पहिले तीन फोटो लागले आहेत. दोन दगड घरच्यांनी ओळखले. तिसऱ्यावर शेवाळ आहे. ‘र’ एवढे अक्षर लागते, खाली ‘वय ९ वर्षे’. कोणास माहिती असल्यास मंडळास कळवावे.