बारशाआधीचे नाव

डब्लिनमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अतिदक्षता विभागात मी परिचारिका आहे. काही वर्षांपूर्वी एका मराठी जोडप्याची मुलगी पंचविसाव्या आठवड्यातच जन्मली. वजन जेमतेम ७०० ग्रॅम. नेहमीप्रमाणे मी विचारले, "इन्क्युबेटरवर नाव काय लिहू?" बाबा घुटमळले. साताऱ्याहून आजींनी फोनवर बजावले होते, "बारशाआधी नाव नको. आधी पोर हाती लागू दे."

आजींना दोष देणे मला जमले नाही. घरोघरी तान्ही मुले दगावत, त्या काळात बारा दिवस थांबणे हे मनाला घातलेले कुंपणच होते. आयर्लंडनेही असे कुंपण घातले होते, आणि ते फार कठोर होते. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळाला चर्चच्या पवित्र भूमीत जागा नसे. त्याला गावाबाहेर 'किलीन' म्हणत त्या जागी, बहुधा रात्रीच्या अंधारात, गुपचूप पुरत. वर बिननावाचा दगड. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चालले. अशा बाळांनाही मुक्तीची आशा आहे, असे व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने २००७ मध्ये म्हटले. तोवर त्यांच्या कितीतरी आया जग सोडून गेल्या होत्या.

माणूस म्हणून मोजले जाण्यासाठी आधी जगून दाखवावे लागते का?

हा प्रश्न नुसत्या भावनेचा नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यांतील प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद ठेवली आणि गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार त्या ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. 'देवाने दिले, देवाने नेले' म्हणून ज्यांची आशा सोडली जाई, ती बाळे कोणीतरी मोजू लागले, आणि मग ती वाचूही लागली.

आमच्या विभागातली ती आई बारशापर्यंत थांबली नाही. इतक्या कोवळ्या कातडीवर हात फिरवायचा नसतो, तळहात नुसता स्थिर ठेवायचा, हे मी तिला दाखवले. तिने तसा हात ठेवला आणि लेकीला नावाने हाक मारली. मी ते नाव कार्डावर लिहिले.

नवव्या दिवशी आईच्या उघड्या छातीवर मुलगी गेली. "ताई, नाव ठेवलं म्हणून जास्त दुखतंय का हो?" आईने विचारले. "हो," मी म्हटले, "पण आपण कोणासाठी रडतोय, ते आपल्याला ठाऊक आहे." पुढे आजी डब्लिनला आल्या, तेव्हा ते कार्ड त्यांनी मागून घेतले.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. तो जाणार, हे आणतानाच ठाऊक असते. तरी आपण प्राणप्रतिष्ठा करतो. आरती आखडती घेत नाही, मोदकांत काटकसर करत नाही. पाहुणा किती दिवस राहणार, यावर त्याचा मान आपण ठरवत नाही. मग दीड दिवसाच्या बाळाला तरी नाव का नाकारावे?