ज्वारीच्या पानात

शांत बसा. श्वास त्याच्या गतीनं चालू दे. डोळ्यांपुढे रब्बी ज्वारीचं एक शेत आणा. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचं, काळ्या मातीचं. पाऊस केव्हाच परतला आहे. पेरणीच्या वेळी जमिनीत जी ओल होती, तेवढीच या पिकाची पुंजी. पीक पोटरीत आलंय आणि ओल खाली खाली चालली आहे.

एका पानापाशी थांबा. भर दुपारी त्याची सुरळी झाली आहे. पाणी वाचवायला त्यानं आपली सूक्ष्म छिद्रं मिटून घेतली आहेत. त्यामुळे बाहेरची हवाही आत येईनाशी झाली आहे.

आता सावकाश आत चला, हरितलवकापर्यंत. ऊन पडतंच आहे, पण त्याची ऊर्जा वापरायला पुरेसा कार्बन डायऑक्साइड नाही. मग ती ऊर्जा ऑक्सिजनकडे वळते आणि त्याची जहाल रूपं तयार होतात. पेशीची आवरणं, प्रथिनं, हरितद्रव्य, जे समोर येईल ते ती नासवत सुटतात. इथं थोडं रेंगाळा. पीक तहानेनं गेलं असं आपण म्हणतो, तेव्हा ही आतली होरपळही त्यात असते.

याच जागी सेरियम या धातूच्या ऑक्साइडचा एक नॅनोकण येऊ द्या. नॅनोकण 100 नॅनोमीटरपेक्षा लहान. आपल्या केसाची जाडी सुमारे 80 हजार नॅनोमीटर. कणाच्या पृष्ठभागावरचे सेरियमचे अणू इलेक्ट्रॉन देतात, परत घेतात आणि त्या देवघेवीत जहाल ऑक्सिजनला निवळवतात. स्वतः मात्र संपत नाहीत. अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 साली हे ज्वारीवरच दाखवलं. दुष्काळी ताणात लिटरला 10 मिलिग्रॅम फवारल्यावर झाडामागे दाण्याचं उत्पन्न 31 टक्क्यांनी वाढलं. किती मोठी उमेद आहे ही! ती मनात पूर्ण भरू द्या.

मग तिच्याशेजारी एक प्रश्न ठेवा. न संपणारा हा कण पुढे कुठे जातो? झिंक ऑक्साइडचा कण असता तर तो विरघळला असता, आणि त्यातलं जस्त पिकाला लागतंच. सेरियम मात्र पिकाचं अन्न नव्हे, ते कुजतही नाही. पानाचा कडबा होतो, कडबा गाईच्या दावणीत जातो, शेण पुन्हा शेतात येतं. या वाटेनं मनानं एकदा पूर्ण फिरून या.

म्हणून माझी कृषी विद्यापीठांना विनंती आहे: मालदांडी या रब्बी ज्वारीच्या वाणावर, सोलापूरच्याच मातीत, अनेक हंगाम चाचण्या घ्या. दाण्याबरोबर कडबा, दूध आणि मातीही तपासा. तोवर सेरियम शेतकऱ्याच्या पंपात जाऊ नये.