ताम्रपटाची साक्ष

जुन्या लेखांवर विश्वास ठेवावा कीं नाहीं, या प्रश्नावर दोन पक्ष पडलेले दिसतात. एकाला अस्सल कागद म्हणजेच इतिहास वाटतो; दुसरा म्हणतो, लिहिणारा कोणाचा तरी आश्रित होता, तेव्हां सर्वच खोटें. दोघांचा दोष एकच आहे: लेख सबंध स्वीकारावा किंवा सबंध टाकावा, असें ते धरून चालतात.

आमच्या बाळकुमच्या शेजारचेंच उदाहरण घेऊं. ठाण्याच्या किल्ल्यांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७ चा दानपट सांपडला. हे राजे आपणांस ‘तगरपुरपरमेश्वर’ म्हणवीत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर. तेथें या कोंकणच्या राजांची सत्ता नव्हती. मग दानही खोटें मानावें काय? नाहीं. बिरुद हें मिरवण्यासाठीं असतें. दानाची तिथि आणि गांवाच्या सीमा व्यवहारासाठीं असतात, व तेथें चूक झाली तर तंटा उभा राहतो. अशा पटांच्या शेवटीं दान हिरावणाऱ्याला घोर शाप दिलेले असतात. दानें हिरावलीं जात, हें त्या शापांनीं नकळत कबूल केलें आहे. बनावट ताम्रपटदेखील कांहीं सांगतोच. खोटें नाणें तेथेंच पाडतात, जेथें खरें चालतें.

तथापि एकटा साक्षीदार कितीही सरळ असला तरी पुरेसा नव्हे. कांहीं बखरी शिवाजीमहाराजांचा जन्म शके १५४९ मध्यें घालतात. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलींत शके १५५१, फाल्गुन वद्य ३ ही तिथि आली. परमानंदाच्या शिवभारतांत तीच मिळाली आणि दूर जोधपुरास सांपडलेल्या कुंडलीनें तिला पाठिंबा दिला, तेव्हां तिचें वजन वाढलें.

‘सर्व कागद खोटे’ हें म्हणणें वरवर निर्भय दिसतें. पण त्याचा लाभ बलवंतालाच होतो. लेख बाद झाला, कीं ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण हाच इतिहास ठरतो. आणि ज्या दुबळ्याचा हक्क एका ओळीच्या आधारानें टिकला, त्याच्या हातीं कांहींच उरत नाहीं. म्हणून लेखाची उलटतपासणी अवश्य करावी. मात्र साक्षीदारालाच न्यायालयाबाहेर घालवूं नये.