आधी कोणी निघायचं?

नानांची सगळी नोकरी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली, याच्या नोंदी करता करता केस पिकले. निवृत्त होऊन कामोठ्यात राहायला आले, तरी वही काही सुटली नाही.

मुलगा नोकरीसाठी नागपूरला. त्यामुळे वहीच्या एका पानावर फक्त नागपूर होतं. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर, साधारण आठ तास. रेल्वेने 837 किलोमीटर, म्हणजे एक रात्र गाडीत. विमानाने सातशेच्या आसपास, दीड तास.

मुलगा पूर्वी म्हणायचा, "सांताक्रूझला उतरून कामोठ्याला यायचं म्हणजे आणखी दोन तास मोडतात." नानांना ते पटायचं. मग 25 डिसेंबर 2025 रोजी नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. विमानतळ अगदी उशाशी आला. आता मुलगा म्हणू लागला, "दीड तासाचा तर प्रवास, कधीही येईन." हे 'कधीही' नानांच्या कुठल्याच रकान्यात बसेना.

एकदा शेजारचा कॉलेजातला मुलगा वही चाळत म्हणाला, "नाना, विमान ताशी आठशेने जातं. मग सातशे किलोमीटरला दीड तास कसा?"

नाना खुलले. "अरे, आठशेचा वेग वर गेल्यावर. चढताना, उतरताना तो कमीच. शिवाय वेळ मोजतात ती विमान जागेवरून हललं की तिथपासून, पलीकडे जागेवर उभं राहीपर्यंत. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, सगळं त्यात आलं. आणि हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो. म्हणून इथून नागपूरला जाताना वारा पाठीशी, येताना तोंडावर."

काकू मेथी निवडत ऐकत होत्या. "अहो, म्हणजे त्याच्यापेक्षा आपल्यालाच लवकर पोहोचता येतं की!"

"तसं म्हणायला हरकत नाही."

"मग दोन वर्षं तो आला नाही, हे तेवढं वहीत आहे. आपण गेलो नाही, ते कोण लिहिणार?"

नाना गडबडले. "मुलाने यावं, अशी रीत असते."

"स्टँडवर गाडीची वाट तुम्ही बघायचात, हे खरं. पण वेळ झाली की गाडी सोडायचातही तुम्हीच ना?"

यावर नानांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी शेजारच्या मुलालाच तिकिटं काढायला बसवलं. रात्री फोनवर कळवलं, तेव्हा मुलगा ओशाळला. "नाना, तुम्ही कशाला दगदग करता? मीच येणार होतो."

"ये की," नाना म्हणाले. "आम्ही आलो म्हणून तुझी फेरी काही रद्द होत नाही."

तात्पर्य : दोन गावांमधलं अंतर दोन्हीकडून सारखंच असतं. आधी कोणी निघायचं याचा हिशेब मांडून बसलं, की दीड तासावरचं माणूसही दोन वर्षं लांब राहतं.