निर्जळा एकादशी आणि लिथियम

ज्येष्ठातली निर्जळा एकादशी आमच्याकडे आजोबांपासून चालत आलेली. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलं, देवघर पुनर्वसनाच्या वसाहतीत आलं, उपास सुटला नाही. आता धाकट्या भावाला तो सोडावा लागतोय, आणि त्यावरून घरात रोज वाजतं.

तो बायपोलरचा पेशंट, लिथियमवर आहे. उन्मादावर या क्षाराचा गुण १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी दाखवला. औषध आणि विष यांत अंतर मात्र थोडं. रक्तात लिटरमागे साधारण ०.६ ते १ मिलिमोल हवं; दीडच्या वर गेलं की हात थरथरतात, जुलाब लागतात, पाय लटपटतात. म्हणून रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी न घेता, तो रक्त देतो. अंगात मीठ-पाणी कमी पडलं की मूत्रपिंड सोडियमसोबत लिथियमही धरून ठेवतं. भंडाऱ्याच्या उन्हात दिवसभर पाणी तोडलं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

आई म्हणते, देवाचं केल्यानं कुणाचं वाईट होत नाही. भावाचा प्रश्न त्याहून अवघड. उन्मादाच्या भरात त्यानं धरणाच्या मोबदल्याचे पैसे वाटून टाकले होते. "दादा, तवा मी मोबदल्याचे पैसे वाटले, ते पुन्य कोनाचं? अन आता शांत आहो, तो मी का गोळी?"

मी संस्कृतचा मास्तर. मला छांदोग्य उपनिषदातला श्वेतकेतू आठवतो. उद्दालक त्याला पंधरा दिवस उपाशी ठेवतो आणि मग वेद म्हणायला सांगतो. पोराला काही आठवत नाही. जेवल्यावर सगळं परत येतं. मन अन्नाचं, हे बापाला दाखवायचं होतं. पाणी मात्र त्यानं तोडलं नाही, कारण प्राण पाण्याचा! (हे आईला सांगून पाहिलं, तिनं उद्दालकालाही जुमानलं नाही.) क्षारानं मन हलतं म्हणून ज्यांना आत्म्याचा अपमान वाटतो, त्यांनी तो अध्याय वाचावा. आत्म्याची गोष्ट त्यातच पुढे येते.

पुण्याचं म्हणाल तर रिपोर्ट त्यावर गप्प आहे. त्यात लिथियम मोजतात. उन्माद मोजणारी रक्ततपासणी नाही. माझं मत असं: ज्याला 'देत नाही' म्हणता येतं, त्याचंच देणं दान. उन्मादात त्याला थांबताच येत नव्हतं. म्हणून त्या वाटपाचं पुण्य नाही, आणि तेव्हाच्या शिवीगाळीचं पापही त्याच्या माथी नाही. रात्रीची गोळी मात्र तो नाकारू शकतो, तरी घेतो. त्याचं व्रत मी तेच मानतो.

यंदा एकादशी आई आणि मी करू. तो मिठाचं जेवेल, पाणी पिईल. तुमच्या घरी कुणी लिथियमवर असेल, तर निर्जळ किंवा अळणी उपासाआधी डॉक्टरांना विचारा, आणि गोळी आपल्या मनानं बंद करू देऊ नका.