तळहातावर काय आहे?

सद्भक्तहो, इष्टलिंग तळहातावर घेऊन दृष्टी स्थिर करावी, ही आपली नित्याची साधना. आज घरातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या तळहातावर मोबाइल आहे आणि त्याची दृष्टी क्षणभरही ठरत नाही.

फोन हाती दिसला की लगेच व्यसन म्हणू नये. अभ्यासही त्यावर असतो. खूण वेगळी आहे. ठरवूनही थांबता येत नाही. झोप, जेवण, सोबती मागे पडतात. नुकसान दिसत असूनही हात सुटत नाही. मोबाइल व संगणकावरील खेळांच्या बाबतीत, बहुधा वर्षभर टिकणाऱ्या अशाच लक्षणांना जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजार मानले.

मग फोन हिसकावून घ्यावा काय? त्याने चोरून पाहणे वाढते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली दुसरी वाट धरली. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की दीड तास घरोघरचे टीव्ही व मोबाइल बंद. मुलांचेच नव्हे, थोरांचेही. मर्म इथेच आहे.

आपण प्रसादाला बसतानाही फोन चाळतो आणि मुलाला संयम शिकवतो. आचाराविना उपदेश पोकळ! पूजेच्या व जेवणाच्या वेळी सर्वांचे फोन एका फळीवर ठेवा. रात्री ते मुलाच्या उशाशी नकोत. तरीही झोप-अन्न तुटतच राहिले, तर लाज न धरता डॉक्टरांना दाखवा. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ साली यासाठीच खास उपचार सुरू झाले.

आधी आपला तळहात मोकळा करा. मूल तिकडेच पाहत आहे.

शरणु शरणार्थी.