उत्तर सांगावं का?

मित्र दोन दिवस एका गणितावर अडकलाय आणि उत्तर तुम्हाला माहीत आहे. सांगून टाकलं तर ती मदत, की आगाऊपणा? मी अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवतो. त्यामुळे हा पेच माझ्यापुढे दर आठवड्याला असतो.

एक खरं उदाहरण घेऊ. १९८८ साली ऑस्ट्रेलियात, कॅनबेराला आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड झालं. त्यातला सहावा प्रश्न असा: अ आणि ब हे दोन धन पूर्णांक आहेत. त्यांच्या वर्गांच्या बेरजेला 'अ गुणिले ब अधिक १' या संख्येने निःशेष भाग जात असेल, तर भागाकार पूर्ण वर्गच असतो, हे सिद्ध करा.

२ आणि ८ घ्या. वर्गांची बेरीज ६८, भाजक १७, भागाकार ४. आता ८ आणि ३० घ्या. ९६४ भागिले २४१, पुन्हा ४. प्रश्न नववीतल्या मुलालाही कळतो. पण त्या वर्षी यात पूर्ण गुण मिळाले फक्त ११ जणांना. पुढे फील्ड्स पदक मिळवणारा टेरेन्स ताओ त्या वेळी जेमतेम तेरा वर्षांचा होता. त्याने सुवर्णपदक जिंकलं, पण हा प्रश्न त्यालाही पूर्ण सुटला नाही.

आज याचं उत्तर फोनवर मिनिटभरात सापडतं. ते तुम्ही दहा वेळा वाचू शकता. पण ते माहीत नसण्याची अवस्था एकदाच मिळते. वरच्या दोन्ही जोड्यांत ८ का आला, हे ज्याला स्वतःहून खटकतं, त्याच्या हाती काहीतरी लागायला सुरुवात झालेली असते. अशा वेळी कुणी शेजारून उत्तर सांगितलं, तर त्याची ती संधी कायमची जाते. म्हणून न विचारता उत्तर सांगणं मला चूक वाटतं, हेतू कितीही चांगला असला तरी.

मग कधीच सांगू नये? इतकं सोपं नाही. ऑलिंपियाडमध्ये साडेचार तासांत तीन प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला ९० मिनिटं. एमएचटी-सीईटीत तेवढ्याच ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न सोडवायचे असतात. माझ्या वर्गातली एक मुलगी संध्याकाळी घरच्या पोळीभाजी केंद्रावर बसते. अभ्यासाला तिला रात्रीचे दोन तास मिळतात. तिला मी एकदा म्हटलं, "अजून विचार कर." ती म्हणाली, "सर, सीईटी झाली की करेन विचार. आत्ता उत्तर द्या." मी दिलं. अडकून राहायलाही मोकळा वेळ लागतो आणि तो सगळ्यांकडे सारखा नसतो. 'स्वतः झगडा' हा उपदेश ज्याच्याकडे वेळ आहे त्याला शोभतो. तिला तो ऐकवणं म्हणजे तिच्या परिस्थितीकडे डोळेझाक करणं.

तेव्हा उत्तर लादणं चूक आणि अडवून धरणंही चूक. किती हवंय ते अडकलेल्यानेच ठरवायचं. माहीत असणाऱ्याने फक्त विचारावं: "दिशा सांगू, पहिली पायरी सांगू, की सगळंच?" कुणी दिशा मागितली, तर दिशेवरच थांबावं. शिक्षकांना हे थांबणं फार जड जातं, कारण माहीत असलेलं सांगून टाकायचा मोह मोठा असतो.

आता हा प्रश्न माणसांपुरता राहिलेला नाही. २०२५च्या ऑलिंपियाडचे सहापैकी पाच प्रश्न गुगल डीपमाइंड आणि ओपनएआय यांच्या प्रणालींनी सोडवले. सुवर्णपदकाला पुरतील इतके गुण त्यांना मिळाले. तुमच्या खिशातल्या फोनला तुमचे दोन दिवस मोलाचे आहेत की नाहीत, हे ठाऊक नसतं. 'सोडव' म्हटलं की तो सगळं सोडवून मोकळा होतो. 'फक्त पहिली पायरी सांग' म्हटलं, तर तेवढीच सांगतो. पण मग किती हवंय, हे आधी तुम्हाला ठरवावं लागतं.

१९८८च्या त्या प्रश्नाची पद्धत म्हणूनच इथे लिहीत नाही. तुम्ही ती मागितलेली नाही.